लाट आली ती कशाला?

बाबांची सिनेमा तपासायची एक पद्धत होती, आणि तिला दूध लागायचं.

सिनेमा पाहून आले की दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅससमोर जो कोणी उभा असेल त्याला त्याची गोष्ट सांगायला घेत. गॅसवर दूध असायचं. ऐकणाऱ्याचं भान हरपलं आणि दूध उतू गेलं, तर सिनेमा पास. दूध जागच्या जागी राहिलं, तर नापास. समीक्षा करणारी मोठमोठी माणसं पानंच्या पानं लिहितात आणि शेवटी सिनेमा चांगला की वाईट हे वाचणाऱ्यालाच शोधावं लागतं. बाबांच्या पद्धतीत तो गोंधळ नव्हता. फार तर शेगडी पुसावी लागायची.

शेवटच्या त्या साध्यासुध्या सकाळीही हेच चाललं होतं. गॅससमोर आई, ओट्याला टेकून बाबा, आणि दारात एक चप्पल पायात, एक हातात अशी त्यांची मुलगी.

“तर एक पाणमांजर असतं,” बाबा म्हणाले. “ते हरवतं. मग त्याला मोती सापडतो. मग मोती हरवतो. मग पाणमांजर सापडतं.”

“बरं,” आई म्हणाली. तिची नजर दुधावर.

“मधे सहा गाणी.”

“बरं.”

“आणि मग एक लाट येते. अशी! थेट छतापर्यंत. मी पाय वर घेतले, म्हटलं चपला भिजतील.”

दूध वर आलं. आईने गॅस बंद केला. दूध शहाण्या मुलासारखं खाली बसलं.

“नापास,” बाबा म्हणाले.

मुलीचा चेहरा पडला, कारण लाट तिची होती. म्हणजे ती करायची ते काम सांगायला अवघड आणि ऐकायला त्याहून अवघड होतं. कॉम्प्युटरवर तयार होणाऱ्या अवाढव्य सिनेमांतलं पाणी ती करायची. पाणमांजर दुसरे लोक करत. पाणमांजराच्या अंगावरचे केस तिसरे. लाटेवरचा फेससुद्धा तिचा नव्हता. तो शेजारच्या टेबलावरचा फेसवाला करायचा, आणि त्याचं म्हणणं असं की खरा जीव फेसातच असतो, खाली पाणी कुणी बघत नाही. घरी बाबा, ऑफिसात फेसवाला. मधल्या मधे ती लाट वळवत बसलेली असायची.

“बाबा, त्या एका लाटेवर माझं अख्खं वर्ष गेलंय.”

“दिसतंय ना! लाट झकासच आहे. माझं म्हणणं एवढंच, ती आली कशाला?”

“कशाला म्हणजे? समुद्र आहे. लाटा येतात.”

“आपल्याकडे पाहुणे येतात. तरी तुझी आई विचारते ना, आज कसं येणं केलंत?”

“लाटेला कारण नसतं बाबा. वारा असतो.”

“वारा काय, सगळ्यांनाच असतो. कारण पाहिजे.”

“लोक तिकीट काढून लाट बघायला येतात. कारण बघायला नाही!”

“येतात लाट बघायला. घरी काय घेऊन जातात?”

याला चांगलं उत्तर होतं. ते तिला जिन्यात सुचलं असतं, नेहमीच सुचायचं. ती म्हणाली, “हे आपण संध्याकाळी बोलू,” आणि दुसरी चप्पल घालून पळाली.

“पोचलीस की कळव गं!” मागून आवाज आला. तोही रोजचाच. ती कळवत नसे, म्हणून मग बाबाच फोन करत. फोन पर्समध्ये, पर्स कपाटात. दुपारी डबा खाताना तिला दिसायचं, बाबांचा फोन येऊन गेला. आता ज्या अर्थी आपण डबा खातोय त्या अर्थी आपण पोचलोच आहोत, हे त्यांना कळलं असणार, असा तर्क करून ती पोळीचा पुढचा घास घ्यायची. तर्कात चूक काही नव्हती.

त्या दुपारी बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ते सिनेमासुद्धा शेवटी शेवटी डोळे मिटूनच पाहत, आणि टोकलं तर म्हणत, “ऐकतोय.” त्यामुळे आई दोनदा हाक मारून, “ऐकताय ना?” म्हणून, बराच वेळ पुढचं सांगत राहिली.

*

भेटायला येणाऱ्यांची ये-जा संपली, उसन्या आणलेल्या खुर्च्या परत गेल्या, आणि मग मुलीच्या लक्षात आलं की भांडण अर्धवट राहिलं आहे.

तिचं वाचन दांडगं होतं. माणूस गेल्यावर काय होतं यावर थोरामोठ्यांनी काय काय लिहिलंय ते तिला माहीत होतं. पण वाद ऐन रंगात असताना एक पार्टी उठून गेली तर दुसऱ्या पार्टीने काय करायचं, याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. नुसतं “नापास” ऐकून आयुष्यभर बसायचं? पुनर्तपासणीचा हक्क शाळकरी पोरांनाही असतो.

म्हणून तिने ठरवलं, इमारतीच्या हॉलमध्ये बाबांच्या आठवणीसाठी तोच सिनेमा दाखवायचा. आणि तटस्थ परीक्षकांकडून मार्क घ्यायचे. करामतीला पन्नास, गोष्टीला पन्नास. काय तो सोक्षमोक्ष.

“कशाला गं?” आई म्हणाली.

“त्यांना आवडलं असतं.”

“त्यांना काहीही आवडायचं. दूध तेवढं बघ, मी कपडे काढून आणते.”

ती दूध बघत राहिली. दूध उतू गेलं नाही. या घरात ते कधी जातच नसे.

हॉल मिळवायचा तर सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी हे निवृत्त गृहस्थ होते, पण नियमांना त्यांनी निवृत्त होऊ दिलं नव्हतं.

“या, पाणीवाल्या मॅडम,” ते म्हणाले.

हे नाव बाबांनी पसरवलेलं. “माझी मुलगी पाणी करते” असं ते अभिमानाने सांगत. परिणाम असा की अर्धी इमारत तिला पाणीखात्यातली समजायची आणि लिफ्टमध्ये गाठून, चौथ्या मजल्यावर धार बारीक का येते, असं विचारायची. सुरुवातीला ती समजावून सांगायची. मग “बघते” म्हणायला लागली. एकदा धार खरोखरच सुधारली, तेव्हापासून तिचा दबदबा वाढला होता.

“कार्यक्रमाचा प्रकार?” सेक्रेटरींनी विचारलं.

“शोकसभा म्हणा.”

“मग सिनेमा नाही. शोकसभेत दिवे बंद करता येत नाहीत. मागे एकदा केले, तर लोक निघून गेले.”

“मग मनोरंजन.”

“मग बाबांचा फोटो नाही. मनोरंजनात फोटो ठेवला की लोक हसत नाहीत, आणि मग तक्रार माझ्याकडे येते.”

“फोटो हवाय आणि अंधारही हवाय.”

सेक्रेटरींनी डोळे मिटले. नियमांच्या जंगलात ते एकटेच वाट काढत असल्याचं त्यांच्या कपाळावर दिसत होतं. “शैक्षणिक,” ते अखेर म्हणाले. “शैक्षणिकात दोन्ही बसतं. पण विषय पाहिजे, परीक्षक पाहिजेत, आणि निकाल लागला पाहिजे.”

“तेच तर करायचंय!”

“आणि एक परीक्षक मी,” ते म्हणाले. हा बहुधा नियम नव्हता.

दुसऱ्या परीक्षक वरच्या मजल्यावरच्या हेडबाई. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि पैकीच्या पैकी मार्क फक्त गणितात देता येतात, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं. तिसरे तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर. त्यांनी विचारलं, “तोंड उघडणारी पात्रं आहेत ना?” आहेत म्हटल्यावर ते तयार झाले.

पडद्याची जबाबदारी मामाने घेतली. म्हणजे आईच्या भावाने. मामा जबाबदारी घेतो तेव्हा आई हात जोडून वर बघते, पण तो घेतोच. पडदा विकत कशाला, आपली डबलबेडची पांढरी चादर आहे की, असं म्हणून त्याने चादर धुतली, वाळवली, आणि सुरकुत्या नकोत म्हणून स्वतः इस्त्री करायला घेतली. करता करता त्याला एक फोन आला. मामाचे फोन छोटे नसतात.

“अगदी मधोमध रे!” आई ओरडली.

चादरीच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा खमंग तपकिरी डाग पडला होता.

“उलटी लावू,” मामा म्हणाला.

“उलट्या बाजूनेही दिसतोय.”

“मग सुलटीच लावू. उजेड पडला की दिसणार नाही.”

बातमी जिन्यातून वर गेली आणि सल्ले खाली आले. कुणी म्हणालं लिंबू चोळा, कुणी म्हणालं खडू फासा, कुणी म्हणालं सिनेमाच थोडा डावीकडे लावा. डॉक्टरांनी त्यांचं दात पांढरे करायचं औषध देऊ केलं. ते लावल्यावर डागाच्या कडा तेवढ्या पांढऱ्या झाल्या आणि डाग अधिकच उठून दिसायला लागला.

सिनेमाची प्रत तिला ऑफिसातून मिळाली. सिनेमा थिएटरमधून उतरला की घरच्यांना दाखवायला एक प्रत देत. तिचे वरिष्ठ म्हणाले, “आपल्या विभागाचीच घेऊन जा, पाणी सगळ्यात स्वच्छ त्यात दिसतं.” तिने ती घरी लावून पाहिली. पाणी खरंच स्वच्छ दिसत होतं. लाट तर अशी की फेसवाल्याने लाजावं. ती खूश झाली आणि कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत खूशच राहिली.

*

संध्याकाळी हॉल भरला. बाबांचा फोटो पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर, पडद्याकडे तोंड करून ठेवला होता. तो लोकांकडे तोंड करून ठेवावा असं सेक्रेटरींचं म्हणणं होतं, पण आई म्हणाली, “मग त्यांना दिसणार काय?” हॉलला लागून एक छोटी खोली होती. तिथे गॅसवर सगळ्यांच्या चहाचं दूध मोठ्या पातेल्यात तापत ठेवून आई दारात पळी घेऊन उभी राहिली. एक डोळा पडद्यावर, एक पातेल्यावर.

मुलीने समोर उभं राहून दोन शब्द सांगितले. सिनेमात डोळ्यांना दिसणारी करामत मोठी की गोष्ट मोठी, यावर वडिलांचं आणि तिचं एकमत नव्हतं, आता निःपक्षपाती निर्णय व्हावा, वगैरे. आवाज स्थिर होता. तो तसा राहावा म्हणून तिने वाक्यं लहान ठेवली होती.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. निळाशार समुद्र चादरभर पसरला आणि त्याच्या मधोमध इस्त्री तरंगू लागली.

“होडी काय सुरेख आहे!” मागून कुणीतरी म्हणालं. मामाने अंधारात मान ताठ केली.

पाणमांजर आलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “अक्कलदाढ दाखवलीये,” डॉक्टर पुटपुटले. “या वयात नसते. करामतीचे पाच कमी.” दुसरं पाणमांजर आलं. त्यानेही तोंड उघडलं, मिटलं. मग बरीच पाणमांजरं एकत्र आली आणि तोंडं उघडत, मिटत नाचू लागली.

“ताई,” डॉक्टर म्हणाले, “आवाज?”

मामाने स्पीकरवर दोन थापट्या मारल्या. वायर काढली, फुंकली, लावली. स्पीकर खरखरला, म्हणजे जिवंत होता. आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणीविभागाच्या प्रतीला आवाज नसतो. लागतच नाही. वर्षभर ती लाट तिने मुकीच पाहिली होती; घरी लावून पाहिली तेव्हाही पाणी पाहिलं आणि बंद केली. पाणमांजरं काहीतरी बोलतात, हे ती या सिनेमापुरतं विसरूनच गेली होती!

बाबांच्या बाजूने याहून मोठा पुरावा कोर्टातही कुणी दिला नसता. फोटो पाठमोरा होता म्हणून बरं.

“शैक्षणिक कार्यक्रमात शांतता असणं तसं चांगलंच,” सेक्रेटरी समजुतीने म्हणाले.

“मी बंद करते,” ती म्हणाली. कानशिलं तापली होती. “माफ करा. नुसत्या चित्रावरून तुम्हाला काय कळणार? गोष्टीचे मार्क कसे देणार?”

“बंद कशाला?” हेडबाईंचा आवाज आला. “चालू दे गं. गोष्ट आम्हाला पाठ आहे.”

“पाठ?”

“तुझे बाबा सांगून गेले ना! त्या दिवशी सकाळी. तू गेलीस आणि ते वर आले. ‘बाई, दूध तापवताय ना? मग ऐका.’ माझी शेगडी अजून चिकट आहे.”

“मग तिथून आमच्याकडे,” डॉक्टर म्हणाले. “दवाखाना उघडायचा होता, बायकोने दूध ठेवलेलं. अर्धा लिटर वाया. तुमच्या प्रत्येक सिनेमाला आमचं दूध वाया जातं, ताई. हल्ली आम्ही तुमचा सिनेमा आला की थोडं जास्तच घेतो.”

ती अंधारात उभीच राहिली. बाबा पूर्वी मीटर वाचायला घरोघर जायचे. निवृत्तीनंतर मीटर सुटला, घरं सुटली नव्हती, हे तिला माहीत होतं. तिथे जाऊन ते काय करतात हे कधी विचारायचं सुचलं नव्हतं.

“पण त्यांनी तर नापास केला होता,” ती म्हणाली. “मोती हरवतो, पाणमांजर सापडतं. त्यात काय आहे सांगण्यासारखं?”

“कोण पाणमांजर?” हेडबाईंनी विचारलं. “ही गोष्ट लाटेची आहे.”

“पाणमांजर येतं की मधेमधे,” डॉक्टर म्हणाले.

“येतं आणि जातं. तुम्ही मधे बोलू नका. तर बरं का, समुद्रात एक लाट असते. हुशार, पण सदा घाईत. सकाळी उठली की निघाली किनाऱ्याकडे. एक चप्पल पायात, एक हातात—”

“लाटेला चप्पल कुठली?” सेक्रेटरी.

“तुम्ही परीक्षक आहात, प्रश्न शेवटी! आणि मागे खडकावर असतो एक म्हातारा दीपस्तंभ.”

पडद्यावर खरोखर एक दीपस्तंभ होता. तो कुठल्या तरी तिसऱ्याच विभागाने केला होता, मोकळी जागा भरायला. तिने आजवर त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

“त्याला जागचं हलता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पाय सिमेंटचे.”

“म्हणून तो काय करतो, आपला दिवा फिरवत बसतो. ही कुठवर गेली, ही कुठवर गेली. मधे वादळ येतं. लाट बिचारी वाट चुकते. मोती मधेच म्हणतो माझ्याजवळ थांब, होडी म्हणते मला पाठीवर घे—”

“होडी आमची!” मामा न राहवून ओरडला. “चादरीची!”

“होडी कुणाचीही असो, फार खरी वाटते. करामतीचे मार्क मी तिलाच देणार.”

हॉल हसला. डॉक्टरांना आठवत होतं की वादळ आधी, मोती नंतर. हेडबाई म्हणाल्या की दूध कुणाकडे आधी उतू गेलं, ते पाहा. चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी तिसरंच सांगितलं. सेक्रेटरींनी सुरुवातीला नियम म्हणून हात वर करायला लावले आणि मग स्वतःच हात न वर करता वादळाचा आवाज काढायला लागले. तो आवाज त्या माणसात होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पाणमांजरं मधेमधे येऊन तोंडं उघडत, तेव्हा लोक त्यांना “सरका, सरका” म्हणत. तिच्या उभ्या हयातीत असा सिनेमा तिने पाहिला नव्हता. ती इतकी हसली की डोळे पुसायला पदर, रुमाल काहीच हाताशी नाही म्हणून चादरीचंच टोक तिने धरलं आणि क्षणभर सगळा समुद्र हलला.

“सकाळी ती निघते आणि दीपस्तंभ ओरडतो, पोचलीस की कळव!” हेडबाईंचा आवाज आता हळू झाला होता. “पण लाटा कुठे मागे वळून कळवतात? मग तोच विचारतो. रोज. उत्तर येत नाही, तरी दिवा फिरवतो आणि विचारतो. आणि एक दिवस ती उंच होते. छताएवढी. सगळे म्हणतात, अरे बापरे, केवढी लाट, कशाला आली असेल एवढी?”

ती लाट उठली. वर्षभराचं तिचं काम चादरभर उभं राहिलं, वळलं, उजेड पोटात घेऊन थांबलं. पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. त्यांतल्या एका खुर्चीवर फोटो होता, त्याला पाय नव्हते.

“कशाला येते?” तिने विचारलं. आवाज स्थिर राहिला नाही, पण वाक्य लहान होतं.

“किनाऱ्यापाशी गेली की मागून ती त्याला दिसत नाही म्हणून. उंच झाल्याशिवाय त्याला दिसणार कशी? त्याला दाखवायला उंच होते. तो विचारतो, पोचलीस का? आणि…” हेडबाई थांबल्या.

“आणि?”

“पुढे नाही सांगितलं त्यांनी. आमचं दूध तेवढ्यात उतू गेलं. मी म्हटलं, अहो, ती काय म्हणते ते तरी सांगा! तर म्हणाले, ते आमची पाणीवाली सांगेल, संध्याकाळी बोलायचंय आमचं.”

“आम्हालाही हेच म्हणाले,” डॉक्टर म्हणाले.

लाट चादरीवर तशीच उभी होती, दीपस्तंभाचा दिवा तिच्यातून आरपार फिरत होता. आणि हॉलभर एक वास पसरला. जळक्या दुधाचा. सगळ्यांच्या माना वळल्या. दारात आई पळी हातात धरून पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या मागे पातेलं फसफसून गॅसवर, ओट्यावर, जमिनीवर उतू चाललं होतं.

“अगंबाई!” आई म्हणाली, पण जागची हलली नाही. “थांब, दूध राहू दे. आधी सांग. काय म्हणते ती?”

तिने बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं.

“पोचले, बाबा,” ती म्हणाली. “पोचले.”